पेट्रोलच्या वासात ठरलेली सोयरीक

रुतेंगच्या वरचं गाव,
कॉफी वाळत घातल्याचे दिवस

माझ्या बायकोचे थोरले बंधू, म्हणून माझे केसा, रोमानुस यांस,

या घरचा जावई बोनेफासियुस याचा मान खाली घालून नमस्कार. सुराबायाच्या उकाड्यात तुम्ही आणि वहिनी कसे आहात? तुमची पाठ कशी आहे? बंदरावर हमालांवर देखरेख करता करता मध्येच स्वतः एखादी गोणी उचलून दाखवायची तुमची सवय सुटली का, हे तुमच्या बहिणीने मुद्दाम विचारायला सांगितलं आहे. (उत्तर खरं द्या. ती खोटं ओळखते, आणि तुमच्या वाटचंही मलाच ऐकावं लागतं.) इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत. थंडी आहे, कॉफी अंगणभर पसरली आहे, डुकरीण व्यायली आहे आणि तुमची बहीण एडेल तिचं माझ्यापेक्षा जास्त करते.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. केसा, फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्याला अडवता आणि तिसरं वाक्य स्वतःच बोलून टाकता. पत्रात ती सोय नाही. शिवाय चर्चमधले स्वयंपाकी थेओडोरुस डोळ्याच्या ऑपरेशनला सुराबायालाच निघाले आहेत आणि आत्ता आमच्या ओसरीवर बसले आहेत. त्यांची ट्रक चुकू नये म्हणून ते घाई करताहेत आणि माझं पत्र अर्धवट राहू नये म्हणून एडेल त्यांना उकडलेली रताळी वाढते आहे. तेव्हा रताळी संपायच्या आत सगळं सांगतो.

विषय तुमच्या मोटरसायकलचा आहे. घाबरू नका, गाडी जिवंत आहे.

तो परदेशी प्रवासी आमच्या वळणांना कंटाळून गाडी तुमच्या गळ्यात मारून गेला आणि तुम्ही ती जहाजावर घालून माझ्या गळ्यात मारलीत, तेव्हापासून गावात माझी पत वाढली हे मी नाकारत नाही. एवढी मोठी गाडी आमच्या डोंगरात दुसरी नाही. पण तिच्या टाकीखाली प्लॅस्टिकचे दोन कनेक्टर आहेत. टाकीतून इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी आणि परत येणारी नळी तिथे जोडलेली असते. टाकी काढायची तर बटण दाबायचं, नळी सुटते. परत बसवली की ‘टक्’ असा आवाज येतो. फार सुंदर युक्ती आहे. नवी असेपर्यंत. प्लॅस्टिक जुनं झालं, आतला रबरी वायसर सुकला, की चावी फिरवताच टाकीतला पंप ‘घूं’ करतो आणि पेट्रोल इंजिनाकडे जायच्या ऐवजी मालकाच्या मांडीवर येतं.

पहिल्यांदा वास आला तो घरात. एडेलने आधी मला हुंगलं, मग माझा शर्ट हुंगला, मग ओसरीखाली उभ्या गाडीला हुंगलं आणि म्हणाली, “माझी चूल इथून चार पावलांवर आहे. आज रात्री या घरात एक तर चूल राहील, नाही तर ही.” मी गाडी ढकलत बांबूच्या बेटापाशी नेऊन ठेवली. पाऊस आला तेव्हा तिच्यावर घालायला तुमच्या बहिणीने माझीच चटई दिली.

मग क्लेतुसला बोलावलं. (क्लेतुस म्हणजे वळणावर टायर पंक्चरचं दुकान टाकलेला, ज्याने तुमच्या लग्नात जनरेटर दुरुस्त केला आणि मग सगळं लग्न अंधारात झालं, तोच.) त्याने टाकी उचलली, कनेक्टर बोटांत फिरवला, वायसर काढून दाताखाली दाबून बघितला आणि थुंकून म्हणाला, “रबर मेलंय, चाचा. पण माझ्याकडे आहे.” त्याच्याकडे होता तो पाण्याच्या नळाचा वायसर. मी शंका काढली. तो म्हणाला, “पाणी काय, पेट्रोल काय, वायसरला काय कळतंय? गोल आहे ना?” आवाज मात्र अगदी नव्यासारखा ‘टक्’ आला. त्या आवाजावर मी विश्वास ठेवला, केसा. माणूस आवाजालाच फसतो.

आता मधेच दुसरी गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा पुतण्या रोफिन, प्राथमिक शाळेत शिकवतो तो, त्याचं आणि रेओ गावाकडच्या नोव्हाचं जमलं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पोरं तयार, आयाही तयार, अडलं होतं ते बोलणीवर. मुलीकडचे तोंगका, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारे, म्हातारे बापा कानिस. या माणसासमोर बोलायला बसणं म्हणजे शिक्षा. एक वाक्य बोलतात, तेही आडून, दरीत घोड्याच्या टापा ऐकू आल्या, कुणाच्या पाण्याच्या वाटेने कोण आलं, असलं. आणि मग लवंगेची सिगरेट पेटवतात. ती शांतपणे संपवतात. समोरचा वाट बघतो. मग दुसरं वाक्य, दुसरी सिगरेट. दुपार होते, संध्याकाळ होते, समोरच्याची कंबर मोडते आणि तो मुलीसाठी मागतील तेवढ्या म्हशी द्यायचं कबूल करून मोकळा होतो. गेल्या खेपेला आमच्याकडून सिल्व्हेस्टरकाका बोलायला बसले होते. त्यांना बापा कानिसच्या धुरात झोप लागली. त्यांचं घोरणं मुलीकडच्यांना अपमान वाटलं आणि सगळे उठून गेले.

त्यानंतर नोव्हाने रोफिनला सांगितलं होतं की बाताममधल्या कारखान्यात तिला नोकरी लागते आहे. “मी तुझी वाट बघेन रे,” ती म्हणाली, “पण बापा कानिसच्या सिगरेटींची नाही बघणार. यावेळी झालं तर झालं, नाही तर मी जहाजात बसले.” ती बोलते तसं करते. रोफिनने जेवण सोडलं. शाळेत पोरं गणितं चुकत होती आणि हा ती बरोबर म्हणून सोडत होता. शेवटी घरच्यांनी ठरवलं की यावेळी बोलायला मी बसायचं. का? तर माझी झोप एडेलने पूर्वीच उडवलेली आहे, असं माझ्या भावाचं म्हणणं.

बोलणीच्या दिवशी घरची मंडळी ट्रकने निघाली. ट्रकमध्ये डुक्कर, तांदळाची पोती, कोंबड्या आणि चार आत्या, त्यामुळे मला जागा नव्हती. (माझा मोठेपणा म्हणून मला गाडीवर यायला सांगितलं, असं मी बाहेर सांगतो.) मी कमरेला नवा सोंगके नेसलो, एडेल मागे बसली आणि तुमची गाडी ऐटीत निघाली. चढ संपेपर्यंत सगळं ठीक होतं. घाटमाथ्याच्या जवळ एडेलने विचारलं, “बोने, पाऊस पडतोय का?”

“नाही.”

“मग माझा गुडघा ओला कसा?”

मी खाली बघितलं. क्लेतुसच्या नळाच्या वायसरला पेट्रोल आणि पाण्यातला फरक चांगलाच कळला होता. पेट्रोल पिऊन तो फुगून दुप्पट झाला होता, कनेक्टरला त्याने आतून ढकलून भेग पाडली होती, आणि त्या भेगेतून गरम इंजिनाच्या शेजारी बारीक कारंजं उडत होतं. चावी बंद केली, दोघे उड्या मारून लांब पळालो आणि एका दगडाआड बसून गाडी पेटते का याची वाट बघत राहिलो. पेटली नाही. तेव्हा मला वाटलं, आता आपण दुरुस्ती करावी. केसा, इंजिन बंद झालं तरी नळीत जोर उरलेला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बटण दाबून कनेक्टर ओढला आणि त्याने मला छातीपासून मांडीपर्यंत तीर्थस्नान घातलं. सोंगके तर नुसता पीत होता. जाड विणीचं कापड ते, एकदा प्यायलं की सोडत नाही.

सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि कुंपणाची तार वापरून मी ते भगदाड कसंबसं आवळलं. इंजिन चालू करायची हिंमत नव्हती, पण पुढचा सगळा रस्ता उताराचाच होता. तेवढ्यात मागून आमची ट्रक आली. ट्रकमधल्या पुरुषांच्या तोंडात सिगरेटी. ड्रायव्हरने खिडकीतून माझा वास घेतला आणि गिअर टाकत ओरडला, “चाचा, तुम्ही उतारानेच या! माझ्या पोटी पोरंबाळं आहेत!” एडेलला मात्र चढवून घेतलं. ती वरून म्हणाली, “सावकाश ये. आम्ही मागेच आहोत. काही झालं तर बघायला माणूस हवं.”

अशा रीतीने मुलाकडचा तोंगका, इंजिन बंद, आवाज नाही, मागे डुकराची ट्रक, असा घरंगळत मुलीच्या दारात पोचला.

दारात स्वागताला बापा कानिस स्वतः उभे होते. ताडीचा पेला, कोंबडा, सगळं रीतीप्रमाणे. म्हाताऱ्याला सर्दी होती, हे आमचं नशीब. चारचौघांत प्रेम दाखवायची त्यांना हौस, त्यांनी पुढे होऊन मला छातीशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. सुटले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या छातीचा नकाशा उमटला होता. आम्ही आत जाऊन चटईवर बसलो, त्यांनी खिशातून सिगरेट काढली, लायटर काढला, आणि एडेल दारातून किंचाळली.

“बापा! पेटवू नका! हा माणूस पेट्रोलने भिजलाय! आणि आता तुम्हीपण!”

केसा, तुमच्या बहिणीचा आवाज मी लग्नाआधी ऐकला असता तर... असो. सगळ्यांच्या तोंडातल्या सिगरेटी तशाच, पण हात जागच्या जागी. प्रार्थनेसाठी लावलेली मेणबत्ती कुणीतरी फुंकली. मी म्हणालो, मला दुसरा सोंगके द्या, मी बदलतो. त्यावर बापा कानिस म्हणाले, बोलणी व्हायच्या आत मुलीकडून कापड दिलं तर सोयरीक आधीच कबूल केल्यासारखं होईल, ते काही रीतीत बसत नाही. ती रीत खरी की त्यांनी तिथेच बनवली, मला ठाऊक नाही. पण स्वतःच्या पायावर त्यांनी धोंडा मारून घेतला. मी झऱ्यावर जाऊन हातपाय धुऊन आलो. वास जसाच्या तसा.

तेवढ्यात नोव्हा धान्य पाखडायचं रिकामं सूप घेऊन आली. अगदी नम्रपणे, खाली बघत. “आजोबा, मामा, काका, धोका नको,” म्हणत तिने सगळ्यांचे लायटर आणि काडेपेट्या सुपात गोळा केल्या, बाहेर चकरा मारणाऱ्यांच्यासुद्धा, आणि ते सूप नेऊन आपल्या आजीच्या मांडीवर ठेवलं. आजी बहिरी. तिच्याकडून लायटर मागायचा तर अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. मग नोव्हा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. रोफिनकडे तिने एकदाही बघितलं नाही, पण माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत बातामचं जहाज मला स्पष्ट दिसलं. गंमत बाजूला ठेवून सांगतो, त्या क्षणी मला गाडीचं, वासाचं, कशाचंच हसू येत नव्हतं. या पोरीला इथून जाऊ द्यायचं नाही, एवढंच मनात होतं.

बोलणी सुरू झाली. बापा कानिसनी पहिलं वाक्य टाकलं, दरीतल्या टापांचं. मग सवयीने हात खिशाकडे गेला. सिगरेट ओठात आली. लायटर नाही. सिगरेट परत खिशात. पूर्वी ज्या शांततेत समोरचा घामाघूम व्हायचा, त्या शांततेत आता ते स्वतःच बसले होते, हातांचं काय करावं हे कळत नव्हतं. दोन्ही गुडघे खाजवून झाले. मी वाट बघत राहिलो. (मला कसली घाई? मी सिगरेट ओढत नाही. तुमच्या बहिणीने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ती बंद केली.) शेवटी तेच दुसरं वाक्य बोलले, आणि घाईत ते सरळच बोलून गेले. “घोडे किती आणताय?” म्हणाले. सगळी सभा चपापली. असं उघड विचारलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग म्हातारे उठले आणि चुलीवरून विस्तव घ्यायला स्वयंपाकघराकडे गेले. तिथल्या बायकांनी त्यांना दारातच हाकललं. “बापा, आधी शर्ट हुंगा तुमचा! आमचं छप्पर गवताचं आहे!” ते परत आले. आता त्यांच्याच बाजूचे लोक चुळबुळत होते. नोव्हाचा मामा कुजबुजला, “बापा, म्हशींचं आटपा लवकर.” दुसरा म्हणाला, “गेल्या खेपेचं काय ते सोडा आता, माझं डोकं दुखायला लागलंय.” बापा कानिसनी म्हशींचा एक भला मोठा आकडा सांगितला. मी काहीच बोललो नाही. त्यांनी स्वतःच तो कमी केला. मी सोंगके नीट करायला जरा हललो, वासाची एक झुळूक सभेभर गेली, आणि आकडा आणखी खाली आला. घरून जेवढं द्यायचं ठरवून निघालो होतो तिथे तो पोचला, तेव्हा मी मान झुकवून म्हणालो, “बापा, तुमचा शब्द आमच्या डोक्यावर.” त्याहून खाली जाऊ दिलं नाही. पोरीचा मान आहे, आणि उद्या त्याच घरात आपल्याला पाहुणे म्हणून जायचं आहे.

जेवणाआधी सोयरीक ठरली! त्या घराच्या इतिहासात असं झालं नव्हतं. आजीच्या मांडीवरचं सूप पुरुषांनी जवळजवळ लुटलं, आणि मला दारात एकट्याला बसवून सगळे फणसाच्या झाडाखाली पळाले. तिथून असा लवंगी धूर निघाला की खालच्या आळीतले लोक आग लागली म्हणून पाणी घेऊन आले. रोफिन मात्र गेला नाही. तो माझ्या शेजारी बसून रडत होता. पेट्रोलने डोळे झोंबताहेत म्हणाला. नोव्हाने त्याला पाण्याचा पेला आणून दिला आणि म्हणाली, “मास्तर, आता तरी जेवा.”

बापा कानिसना धुराजवळ कुणी येऊ देत नव्हतं. शर्ट काढून, उघड्या अंगाने, खांद्यावर चादर घेऊन त्यांनी शेवटी एक पेटवली, दोन झुरके घेतले आणि लांबूनच मला म्हणाले, “पोरा, एवढ्या सोयरिकी जमवल्या, पण धुराशिवाय मी खरं बोलतो हे मला आजच कळलं. परत असं येऊ नकोस.” मग हसायला लागले. हसता हसता खोकले. मला तो म्हातारा आवडला, केसा.

गाडी अजून त्यांच्याच अंगणात, कुंपणाशी उभी आहे. क्लेतुसला तिथवर घेऊन गेलो होतो. तो म्हणतो, “कनेक्टर काढून फेकू, सरळ नळी घालू, दोन बाजूंनी क्लिपा आवळू.” यावेळी तो वायसर न चावता बोलला, म्हणून मला थोडा विश्वास वाटतो, पण हात लावू दिला नाही. मालक तुम्ही आहात.

थेओडोरुस आता चौथं रताळं नको म्हणताहेत. तेव्हा आवरतं घेतो. वहिनींना नमस्कार. पाठीला तेल लावत जा आणि गोण्या दुसऱ्यांना उचलू द्या.

तुमच्या घरचा जावई,
बोनेफासियुस

ता. क. सुराबायाच्या बाजारात या गाडीला बसणारे धातूचे कनेक्टर मिळतात असं ऐकतो. दोन जोड्या पाठवा, आणि वायसर पेट्रोलचेच आहेत ना ते दुकानदाराला विचारून घ्या. गोल आहे एवढ्यावर भागत नाही.

ता. क. दुसरा. एवढ्या लांब पत्रात तुमच्या इमेल्दाचं नाव कुठेच आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पोरगी बरी आहे, नर्सिंगचा अभ्यास चांगला चालू आहे, आमच्या घरात तिला काही कमी नाही. त्या दिवशी तीही ट्रकमधून आमच्याबरोबर आली होती. बापा कानिसचा नातू गुरांच्या दवाखान्यात कामाला आहे. तो सिगरेट ओढत नाही, त्यामुळे सगळी सभा तळमळत असताना तो एकटाच शांतपणे बसला होता. इमेल्दा म्हणते, म्हणूनच तिची नजर गेली. नजर गेली तीन रविवारांपूर्वी; आता रविवारच्या प्रार्थनेला तो इतक्या लांबून आमच्याच चर्चला येतो. एडेलला मुलगा पसंत आहे. मी अजून काही बोललेलो नाही. बाप तुम्ही आहात. थेओडोरुसना यातलं काही माहीत नाही, त्यांना विचारू नका.

ता. क. तिसरा. बापा कानिसनी निरोप धाडला आहे की कॉफी विकून झाली की ते नातवासाठी मागणी घालायला आमच्या घरी येतील, पण एका अटीवर: त्या दिवशी तुमची मोटरसायकल गावात नसावी. मी हो म्हणून कळवलं आहे. आपल्या बाजूने मी बोलेन, पण मुलीचा बाप शेजारी बसलेला नसेल तर त्या म्हाताऱ्यासमोर माझा टिकाव लागायचा नाही. गाडी नाही, वास नाही, मग उरलं काय? इमेल्दा रोज संध्याकाळी विचारते, “बाबा येतील ना हो?” तेव्हा वहिनींना घेऊन मिळेल त्या जहाजाने या.

कनेक्टर नाही आणलेत तरी चालेल.